रक्तहृदयाची वेल आणि सावलीची बाग

जून महिना उजाडला की आपल्या घराघरांत येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीसमोर दिवा लागतो. सांगलीतील आमच्या एका स्नेह्यांच्या घरी त्या तसबिरीपाशी दरवर्षी एकाच वेलीची फुले ठेवण्याची प्रथा आहे. पांढऱ्याशुभ्र हृदयाकृती पाकळीकोशातून रक्ताच्या थेंबासारखे लाल फूल बाहेर डोकावते. या वेलीला सारे जण 'ब्लीडिंग हार्ट', म्हणजे रक्त स्रवणारे हृदय, म्हणतात. अंगणातील आंब्याच्या सावलीत, न्हाणीघराच्या भिंतीला लागून ती वेल वर्षानुवर्षे उभी आहे. ती कोणी लावली हे आज त्या घरात कोणालाच सांगता येत नाही.

काही वर्षांपूर्वी त्याच घरातील थोरल्या सुनेच्या वाचनात असे आले की 'ब्लीडिंग हार्ट' हे सावलीच्या बागेतील बहुवर्षायू झुडूप असून ते थंड, ओलसर मातीत दर वसंतात नव्याने उगवते. आपल्याकडे वेल आणि पुस्तकात झुडूप! तिने एका रोपवाटिकेतून त्याच्या मुळ्या मागविल्या. कुंडीत दोन नाजूक पाने वर आली, चैत्रातील उन्हाने ती करपली आणि पहिल्या पावसात मुळ्या कुजून गेल्या. बिचारीला वाटले, आपलाच हात वाईट. तिच्या त्या खंतीतून आम्ही या फुलांचा इतिहास धुंडाळू लागलो आणि सांगलीच्या अंगणातून निघालेली वाट आम्हाला महाबळेश्वरच्या तुरुंगापर्यंत घेऊन गेली. ती हकिगत वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एक नाव, दोन वनस्पती

प्रथम घोटाळा दूर करू. पुस्तकातील 'ब्लीडिंग हार्ट' हे सैबेरिया, उत्तर चीन, कोरिया आणि जपान या थंड प्रदेशांतील झुडूप आहे. त्याची उंची दोन-तीन फूट. कमानीसारख्या वाकलेल्या देठावर गुलाबी हृदयांची माळ लटकते आणि प्रत्येक हृदयाच्या टोकाशी एक पांढरा थेंब असतो. लिनियसने १७५३ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. पुढे दीर्घकाळ 'डायसेन्ट्रा स्पेक्टाबिलिस' या नावाने ते ओळखले गेले. आता त्याला 'लॅम्प्रोकॅप्नोस' म्हणतात. विशेष म्हणजे ते खसखशीच्या, अर्थात अफूच्या कुळातील आहे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी; पुढे तिचे प्रयोजन आहे.

सांगलीच्या अंगणातील वेल ही सर्वस्वी निराळी. तिचे शास्त्रीय नाव 'क्लेरोडेंड्रम थॉमसनी' आणि मूळ घर पश्चिम आफ्रिका. आपल्या घाटांतील स्त्रिया पावसाळ्याच्या आरंभी जिची कोवळी पाने भाजीसाठी खुडून आणतात, ती भारंगी हिची दूरची बहीण. वनस्पतिशास्त्रज्ञांनी अलीकडे भारंगीला वेगळ्या प्रजातीत बसविले असले, तरी नाते तुटलेले नाही.

फूल आणि कैदी

चीनमधील झुडूप इंग्लंडच्या बागांत पूर्वी एकदा पोहोचले होते. पण टिकले नाही. त्याला तेथे कायमचे स्थान मिळवून दिले ते रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश माळ्याने. लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीने त्याला १८४३ साली चीनला पाठविले. १८४६ मध्ये तो परतला. चुसान बेटावरील एका बागेत पाहिलेले हे झुडूप त्याच्या संग्रहात होते. काचेच्या बंद पेटीत ओलावा राखून रोपे महासागर पार करीत. हे तंत्र तेव्हा नवे होते. काही वर्षांतच ते फूल विलायतेतील लहानमोठ्या बागांत दिसू लागले.

फॉर्च्यूनला चीनमध्ये प्रवेश कसा मिळाला? १८३९ ते १८४२ या काळातील अफूच्या युद्धात चीनचा पराभव झाला आणि नानकिंगच्या तहाने त्याची बंदरे उघडली गेली, म्हणून. त्या युद्धाचे कारण असलेल्या अफूपैकी मोठा हिस्सा माळव्यात पिकून मुंबई बंदरातून जात होता. म्हणजे अफूच्या कुळातील हे फूल अफूनेच उघडलेल्या दरवाजातून बाहेर आले! इतिहासात अशा योगायोगांची वाण नसते.

याच सुमारास सातारा जिल्ह्याच्या माथ्यावर काय घडत होते, ते आता पाहू. १८२४ साली जनरल पीटर लॉडविक हा लष्करी अधिकारी महाबळेश्वरच्या पठारावर चढून गेला. साताऱ्याचे रेसिडेंट कर्नल ब्रिग्ज यांच्या आग्रहावरून छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी साताऱ्याहून वर जाणारा रस्ता करविला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम १८२८ साली तेथे आले. १८२९ मध्ये महाराजांशी करार होऊन महाबळेश्वरचा प्रदेश इंग्रजांकडे गेला आणि त्याच्या बदल्यात वाईकडील खंडाळा हे गाव महाराजांना मिळाले. नव्या वसाहतीला 'माल्कम पेठ' हे नाव पडले. ज्या राजाने रस्ता दिला आणि डोंगर दिला, त्याला दहाच वर्षांनी, १८३९ मध्ये, गादीवरून दूर करण्यात आले. १८४७ साली काशीला त्याचे देहावसान झाले. पुढल्याच वर्षी सातारचे राज्यही खालसा झाले. पेठेला नाव मात्र माल्कमचे राहिले.

माल्कमने पेठेबरोबर एक तुरुंगही बांधविला. सिंगापूर, पिनांग, मलाक्का या इंग्रजी वसाहतींतून पाठविलेले चिनी आणि मलायी कैदी त्यात ठेवले होते. त्यांची संख्या सुमारे १२० होती. महाबळेश्वरचे रस्ते त्यांच्याकडून करवून घेण्यात आले. बाजाराखालच्या ओलसर जमिनीत त्यांनी बागा केल्या. बटाटा आणि विलायती भाज्या तेथे पिकू लागल्या. ती विद्या त्यांच्यापासून स्थानिक शेतकऱ्यांनी उचलली. १८६४ च्या सुमारास तुरुंग बंद झाला. इंग्रजांच्या कारकिर्दीत छापलेल्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरनेही महाबळेश्वरवर असलेले त्यांचे ऋण मान्य केले आहे.

१८४६ या एका वर्षावर नजर टाकली तरी मन थबकते. त्या वर्षी चीनचे फूल काचेच्या पेटीत जपून लंडनला नेले जात होते आणि चीनची माणसे महाबळेश्वरच्या तुरुंगात सरकारी वाफे खणत होती. फुलाचा प्रवास आणि ते आणणाऱ्याचे नाव तपशीलवार नोंदले गेले. कैद्यांची मात्र संख्याच तेवढी उरली. त्यांतील एकाचेही नाव आज सातारकरांच्या ओठांवर नाही. आपण 'बटाटा' म्हणतो तो शब्द पोर्तुगिजांनी दिला, हे आपल्यातील पुष्कळांना ठाऊक असते. पण महाबळेश्वरच्या मातीत तो रुजविणारे हात कोणाचे होते, हे पर्यटकांना सांगणारा वाटाड्या क्वचितच भेटतो.

सावली कोणी निर्माण केली?

सावलीची बाग ही दोन पिढ्यांची कामगिरी असते. झाड लावणारा एक आणि त्याखाली फूल लावणारा दुसरा. महाबळेश्वरला निसर्गानेच ही सावली दिली होती. तेथील अरण्यात अंजनी, जांभूळ आणि पिसा हे वृक्ष प्रमुख आहेत. वाऱ्यामुळे ते फार उंच वाढत नाहीत. एकमेकांत गुंतून त्यांचे दाट छत तयार होते आणि त्याखाली शेवाळ, नेचे, आमरी नांदतात. पाचगणीची गोष्ट निराळी. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधला हा माथा महाबळेश्वरच्या पर्जन्यछायेत येतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन चेसन या इंग्रज गृहस्थाने तेथे वसाहत उभारली आणि ठिकठिकाणची झाडे आणून लावली. ऑस्ट्रेलियाचा सिल्व्हर ओक आणि मेक्सिकोचा पॉइन्सेटिया ही आज पाचगणीची ओळख होऊन बसली आहेत. चेसनने पाचगणीच्याच मातीत चिरविश्रांती घेतली.

या साऱ्या उद्योगामागे सरकारी उद्यानांचे पाठबळ होते. पुण्याजवळ दापोडी येथे माल्कमच्याच कारकिर्दीत वनस्पती उद्यान सुरू झाले. १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे त्याचे प्रमुख होते. हेच पुढे मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. डोंगरावरील झाडी तुटली की झरे आटतात, हे सरकारदरबारी बजावून सांगणाऱ्या आरंभीच्या अधिकाऱ्यांत त्यांची गणना होते. दापोडीच्या वनस्पतींची चित्रे त्यांनी १८४७ ते १८५० या काळात एका चित्रकाराकडून काढून घेतली. तो चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता, एवढाच त्याचा उल्लेख मिळतो. नाव मिळत नाही. कदाचित आपल्याच समाजातील कोणी असेल. त्याची चित्रे आज स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या राजकीय वनस्पती उद्यानात जतन केलेली आहेत. २००२ साली त्यांवर एक देखणा ग्रंथही प्रसिद्ध झाला.

आणि याच एडिंबरो उद्यानाशी सांगलीच्या वेलीचाही संबंध येतो! पश्चिम आफ्रिकेतील ओल्ड कॅलाबार येथे विल्यम कूपर थॉमसन हे स्कॉटिश प्रेसबिटेरियन मिशनरी काम करीत होते. तेथे आढळलेली एक वेल शास्त्रज्ञांपर्यंत पोहोचली, तेव्हा आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ तिला नाव द्यावे, अशी त्यांनी विनंती केली. एडिंबरो उद्यानाचे प्रमुख जॉन हटन बाल्फोर यांनी १८६२ साली त्या वेलीचे वर्णन प्रसिद्ध करून ती इच्छा पूर्ण केली. 'थॉमसनी' म्हणजे थॉमसनबाईंची. एका दिवंगत स्त्रीची स्मृती अशी एका वेलीवर फुलत राहिली. शास्त्रीय नावात तिचे स्वतःचे नाव मात्र नाही, पतीचे आडनाव आहे. तरीही चिनी कैद्यांच्या आणि दापोडीच्या चित्रकाराच्या मानाने ती भाग्यवान म्हटली पाहिजे.

झोप ज्याची त्याची

आता त्या सुनेच्या प्रश्नाकडे वळू. चिनी झुडूप सांगलीत का जगले नाही? उत्तर सोपे आहे. त्या झुडपाला झोप हवी असते आणि ती झोप थंडीची हवी असते. वसंतात ते फुलते, कडक उन्हाळा लागला की त्याची पाने पिवळी पडून नाहीशी होतात आणि मुळे जमिनीत निजतात. मग कित्येक आठवड्यांच्या कडाक्याच्या थंडीनंतरच त्यांना नवे कोंब फुटतात. सांगलीचा उन्हाळा चाळीस अंशांवर जातो आणि हिवाळ्यात जमीन गोठत नाही. महाबळेश्वरला एखाद्या पहाटे वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात खरे. पण पुढे पावसाळ्यात तेथे सुमारे सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. साचलेल्या पाण्यात निजलेली मुळे कुजतात. तेव्हा दोष त्या माउलीच्या हाताचा नव्हता. ऋतूंची गाठ जमली नव्हती, इतकेच.

थॉमसनबाईंच्या वेलीचे तसे नाही. ती उष्ण प्रदेशातलीच. तिला विरळ सावली, पाणी न साचणारी सकस माती आणि चढायला आधार मिळाला की ती दहा-बारा फूट सहज जाते. फुले नव्या फुटीवर येतात. म्हणून बहर ओसरल्यावर तिची छाटणी करावी. पावसाळ्यात अर्धवट जून झालेल्या फांदीचे तुकडे लावले तर ते मुळे धरतात. हिवाळ्यात पाणी कमी करावे. लाल फूल गळून पडले तरी पांढरा कोश लगेच गळत नाही. तो हळूहळू जांभळट होतो आणि पुष्कळ दिवस वेलीवर राहतो.

परंतु झोपेचा विषय निघाला, तर आपल्या सह्याद्रीलाही निद्रिस्त वनस्पतींची वाण नाही. रानहळदीचे कंद उन्हाळाभर मातीखाली निजतात आणि पहिल्या सरींनंतर झाडांच्या सावलीत त्यांचे गुलाबी तुरे उभे राहतात. जमिनीवरल्या कित्येक आमरींचे आणि कंदीलपुष्पांचे वागणे असेच. चिनी झुडूप उन्हाळ्यात निजते ते हिमाच्या भरवशावर. आपली झाडे निजतात ती मृगाच्या भरवशावर. तेरड्याची गोष्ट आपण जाणतोच. गौरींच्या सणाला आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या घरी जो तेरडा येतो, त्याचे नानाविध भाऊबंद सातारच्या डोंगरांवर आहेत. कासचे पठार त्यांच्या रंगांनी भरून जाते. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ज्या स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत कासचाही समावेश आहे. महाबळेश्वरच्या गर्द झाडीत पिवळा तेरडा ओल्या उतारांवर फुलतो. सावलीच्या बागेसाठी एवढी संपदा दाराशी असताना आपण दूरदेशीच्या मुळ्या मागवितो, याचे नवल वाटते.

या संपदेची नोंद करण्यात येशूसंघीय धर्मगुरूंचा वाटा मोठा आहे, हे येथे अभिमानाने नमूद केले पाहिजे. स्वित्झर्लंडहून आलेले फादर एथेलबर्ट ब्लॅटर हे मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत. पुढे ते त्याचे प्राचार्यही झाले. १९३४ साली त्यांचे निधन झाले. चार्ल्स मॅक्कॅन यांच्यासह त्यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा नव्याने अभ्यास केला. पाचगणीच्या नावाने ओळखले जाणारे एक कंदीलपुष्प शास्त्रात नोंदविले गेले ते या दोघांमुळेच. त्यांच्यानंतर स्पेनहून आलेले फादर हर्मेनेगिल्ड संतापाऊ यांनी ही परंपरा चालविली. लोणावळ्याजवळच्या खंडाळ्यातील वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १९५३ साली निघाला. १९६१ मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालकपद त्यांच्याकडे आले आणि १९६७ साली त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. परक्या देशांतून आलेल्या या माणसांनी आपल्या देशातील फुले येथे आणून लावण्यापेक्षा येथल्या फुलांना ओळखण्यात आयुष्य वेचले. आम्हाला यात मोठा बोध दिसतो.

सावलीचे देणे

हा सारा इतिहास केवळ हौसेचा नाही. महाबळेश्वरच्या डोंगरात कृष्णा उगम पावते. वाईवरून, माहुलीला वेण्णेशी भेटून ती सांगलीला येते. वर सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि खाली सांगलीला त्याच्या जेमतेम दहावा हिस्सा. माथ्यावरील सावलीत साठणारा पालापाचोळा आणि शेवाळ हे पाणी स्पंजासारखे धरून ठेवतात आणि पावसाळ्यानंतर झऱ्याझऱ्याने सोडतात. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ साली केंद्र सरकारने पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला, तो उगाच नव्हे. तरीही इमारतींची हाव थांबलेली नाही. बंगल्यामागच्या अंजनीच्या जाळीची जागा गच्चीने घेतली की सावलीतील तेरडा आणि आमरी त्याच दिवशी संपतात. ती झाडी पुन्हा उभी राहण्यास माणसाचे एक आयुष्य पुरत नाही.

सांगलीचा आयर्विन पूल १९२९ सालचा. पावसाळ्यात त्याच्या खांबांवरील आकडे पाहण्यासाठी सारे गाव लोटते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तेथे पाणी ५७ फुटांच्या वर चढले होते. महापुराची कारणे अनेक असतात. धरणे, पूररेषेतील बांधकामे, अवेळी कोसळणारा पाऊस. त्याचा सारा भार डोंगरावरील तुटलेल्या झाडीवर टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तथापि, नदीचा माथा आणि नदीचा काठ हे एकाच घराचे दोन सोपे आहेत, एवढे तरी त्या पाण्याने आपल्याला शिकवावे. आमच्या स्नेह्यांच्या अंगणातही तेव्हा कमरेएवढे पाणी शिरले होते. तसबीर वेळीच वरच्या मजल्यावर नेली म्हणून वाचली. वेल मात्र गाळात बुडाली. सर्वांनी तिची आशा सोडली होती. तिसऱ्या महिन्यात बुंध्याजवळ नवा कोंब दिसला.

मागील जूनमध्ये आम्ही पुन्हा त्या घरी गेलो होतो. सूनबाईंनी वेलीशेजारी, आंब्याच्या त्याच सावलीत, घाटावरून कोणी आणून दिलेली भारंगी आणि रानहळदीचे चार कंद लावले होते. चिनी झुडपाचा नाद त्यांनी सोडला आहे. आम्ही त्यांना कैद्यांची, चित्रकाराची आणि थॉमसनबाईंची हकिगत सांगितली. त्या काही वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे ही वेल कोणाच्या तरी आठवणीचीच आहे. आमच्या घरात ती कोणी लावली ते ठाऊक नाही, म्हणून मला वाईट वाटायचे. आता तिच्यासमोर उभी राहीन, तेव्हा त्या सगळ्यांसाठी एक प्रार्थना म्हणेन."

तसबिरीसमोरच्या दिव्यापाशी फुले ठेवताना आपणही तेवढे करावे. ज्यांची नावे कोणत्याही वहीत लिहिली गेली नाहीत, त्यांच्या श्रमाच्या सावलीत आपण बसलो आहोत, एवढी जाणीव ठेवावी; आणि जमल्यास, आपल्यामागे येणाऱ्यांसाठी एखादे सावलीचे झाड लावावे.